हाताले किळस नाही

सोमवार, ३ नोव्हेंबर. अकोला

आली बाप्पा एकदाची. अमरावतीहून सकाळची एसटी धरली. बडनेरा झालं, मूर्तिजापूर झालं, खिडकीची जागा भेटली अन् बाजूले बोलणारं कोणी नव्हतं. यापेक्षा सुख काय असते? पिशवीत दोन लुगडी, एक शाल, घरचे वांगे अन् ही वही. वही जमुना सिस्टरनं दिली. अमरावतीच्या मोठ्या दवाखान्यात पोटाले पिशवी लावलेल्या लोकायले तीच पाहते. म्हणे, पार्बताबाई, तुमची चौथी झाली ना, मंग रोज लिहा, कातडी कशी दिसली, चकती कधी बदलली, बाईनं काय खाल्लं. जे दिसलं ते लिहा, जे वाटलं ते नको. म्हटलं, वही तुमची, हात माया. वाटलं तेही लिहीन.

काम असं आहे. ज्याच्या घरी कामाले आली त्या खुशालरावच्या मायच्या, मैनाबाईच्या, पोटाले भोक आहे. आतडं बाहेर काढून शिवतात तसं. खाली जायचं ते तिथून पिशवीत येते. पिशवी चकतीले अन् चकती पोटाले चिकटलेली. भोक स्वतः दुखत नाही. दुखते त्याच्या भोवतालची कातडी. ती सांभाळणं हेच सारं काम, अन् ते मले कोणी शिकवायची गरज नाही. मायं माणूस, किसनराव, असंच पोट घेऊन तीन वर्षं जगला. गेला तं छातीच्या कळेनं गेला, पोटाच्या कातडीले त्याच्या एक फोड आला नाही. आमच्या नांदगाव खंडेश्वरात कोणालेही विचारा.

तो गेल्यापासून लेकाच्या घरी सून मले कोपऱ्यात बसवून ठेवते, अन् कोपऱ्यातूनही मी तिले जास्तच दिसते. म्हणून सिस्टरनं या कामाचं नाव काढल्याबरोबर मी पिशवी भरली.

खुशालरावचं घर दोन मजली. पायऱ्यायले असा चकचकीत दगड लावला की म्हातारं माणूस घसरलं तं खाली नाही, सरळ वरच जाईल. वावर बाळापूरकडे, काळं रान, म्हणे मोठं आहे. आमी माळी, भाजीपाला-फुलं पिकवणारे. कामाच्या बाईले कप वेगळा देतात, म्हणून मी पहिले कप पायला. खुशालरावची बायको साधना चहा घेऊन आली, तं मायाही कप तोच होता जो घरच्यायचा. बरं वाटलं.

साधनानं इचारलं, घरी कोण कोण. लेक-सून दोन वाक्यात उरकले अन् हर्षाचं अर्धा तास सांगतलं. हर्षा मायी नात, एकोणीसची, अमरावतीले नर्सिंग शिकून राहिली. चौदाची होती तेव्हापासून आज्याचं पोट मायासोबत धुवायची, तोंडातल्या तोंडात गाणं म्हणत. साधनानं तिचा नंबरही लिहून घेतला. म्हटलं, घे.

मंगळवार, ४ नोव्हेंबर

सकाळी चहाच्या आधी चकती काढली. चहाच्या आधीच काढायची. पोटात काही गेलं की भोक चालू होते, मंग चिकटवणार काय, पुसतच बसा. जे दिसलं ते लिहिते. भोक चांगलं आहे, लालभडक, ओलं, पिकल्या टमाटरासारखं. भोवतालची कातडी मात्र सोलून काढल्यावाणी. रस पाझरत होता. खाली डाव्या अंगाले तं पार मांस दिसत होतं, वांग्याच्या देठासारखं टोक निघालेलं.

साधनाले इचारलं, आतापर्यंत कोण करत होतं? म्हणे, बाया ठेवल्या, पण नाकाले पदर लावून, दोन-दोन हातमोजे घालून करत अन् दहा दिवसात पळत. मंग मीच. अन् काय करत होती ही शहाणी? चकतीचं भोक दोन बोटं मोठं कापायची, लावायले सोपं जाते म्हणून. अवो, मधात जी कातडी उघडी राहते तिले ते पातळ पाणी खाते, जास्त चुन्याचं पान तोंड खाते तसं. वरून हळद अन् खोबऱ्याचं तेल. तेलावर चकती चिकटते कधी? सुटायची. मंग दिवसातून तीनदा नवी चकती, अन् दर वेळी ती कातडीचा पापुद्रा घेऊनच निघायची. म्हटलं, बाई, सासूवर राग असेल तं तोंडानं काढत जा, चकतीनं नको. ती हसली नाही. मैनाबाई हसली.

मंग माया हातानं केलं. कोमट पाणी, जुन्या धोतराचा फडका, साबण नाही. घासायचं नाही, टिपायचं. ओल्या कातडीवर पावडर भुरभुरायची अन् जास्तीची फुंकून टाकायची. मोजायचं कार्ड, लहान-मोठ्या भोकायचं, लावलं, पस्तीस मिलिमीटर आलं. तांदळाच्या दाण्याएवढी जागा सोडून चकती कापली, दोन्ही तळहातात धरून गरम केली, लावली, अन् वरून हात ठेवून बसली. हातमोजे साधनानं आणून ठेवले होते, ते मी सरकवले. काम झाल्यावर हात धुतले अन् कमरेले पुसले, उजव्या अंगाले, जसे जन्मभर पुसत आली.

साधना दारात उभी. म्हणे, तुम्हाले किळस नाही येत? म्हटलं, मले किळस माणसायची येते, कातडीची नाही. तिनं जाऊन खुशालरावले सांगतलं वाटते, तोही येऊन उभा राहिला. दोघंही माया तोंडाकडे नाही, हाताकडे पाहत होते. या हाताकडे आजवर कोणी एवढं पायलं नव्हतं. मी जरा जास्तच ऐटीत हात पुसले.

एक गोष्ट. मैनाबाईच्या पोटावर टाक्याची खूण नाही. किसनरावले बेंबीवरून वीतभर टाके होते. इचारलं तं मैनाबाई म्हणे, डॉक्टर चांगला होता. असेल. आजकाल दुर्बीण घालून करतात म्हणतात.

गुरुवार, ६ नोव्हेंबर

दोन दिवस चकती हलली नाही. आज उघडली तं रस थांबलेला. लाली आहे, पण कोरडी. मैनाबाई म्हणे, कितीक महिन्यांनी सलग झोप लागली.

दुपारी तिनं मले बोलावलं. माया ओटीत लुगडं, खण, नारळ घातला. दोघीही पांढऱ्या कपाळाच्या, कुंकवाचा प्रश्न नव्हता. म्हणे, मले बहीण नाही, आजपासून तू मायी बहीण. मंग एका ताटात पुरणाची पोळी, एकीनं तोडायची, दुसरीनं खायची. आमच्याकडे बहीण मानली की ती रक्ताचीच. तिच्या घरच्या लग्नात आहेर, अन् मरणाची खबर आली तं डोक्यावरून आंघोळ. मोठ्या शेतीवाल्याची बाई माळणीले बहीण म्हणते! सुनेनं पाहायले पाहिजे होतं.

मी हो म्हटलं. खुशालराव माया पाया पडला, म्हणे मावशी. साधनाही पडली. मावशीच्या पायाले लागलेला हात तिनं लगेच पदराले पुसला, तेही मी पायलं. चालते. डोळ्यात तुपाचा धूर गेला होता, म्हणून पाणी आलं.

शनिवार, ८ नोव्हेंबर

कातडी भरली! किसनरावले नुसती लाली आली तं पंधरा दिवस जात. हिचं चार दिवसात. मांस होतं तिथे लेकराच्या टाचेसारखी गुलाबी कातडी. सिस्टरले फोन केला. ती म्हणे, पार्बताबाई, हाताले यश आहे तुमच्या. हे मी साधनाले दोनदा ऐकवलं.

माप बत्तीस आलं. मंगळवारी पस्तीस होतं. चष्मा जुना आहे, चुकलं असेल.

मले बेंबीच्या उजव्या अंगाले खाज सुटली. नव्या लुगड्याची खळ आहे, गाठीखाली टोचते.

सोमवार, १० नोव्हेंबर

आता खाज नाही, आग आहे. आंघोळीले गेली तेव्हा पायलं. रुपयाहून मोठी लाली. हात तिथेच पुसते मी, तिथूनच लागलं असेल. म्हातारपणी अक्कल गहाण. दुसऱ्याले नाही म्हणते तेच सारं केलं, साबण चोळला, हळद लावली, तेल लावलं. चुनचुन वाढली.

मैनाबाईचं माप अठ्ठावीस. ऑपरेशन नवीन असते तेव्हा भोक आवळते, मले माहीत आहे. हिचं तं जुनं आहे. काहून आवळून राहिलं? तिनं आज भाकर, ठेचा अन् वर अर्धी वाटी रस्सा मागून खाल्ला. पिशवीत आलं चमचाभर.

मंगळवार, ११ नोव्हेंबर

दार लावून चष्मा घालून नीट पायलं. नुसतं गोल नाही. खाली डाव्या अंगाले टोक आहे. वांग्याच्या देठाचं.

मैनाबाईचं कार्ड आणून स्वतःले लावलं. टोक सोडलं तं पस्तीसच्या भोकात माया पोटावरची लाली काठाले काठ बसली.

गुरुवार, १३ नोव्हेंबर

सिस्टरले फोन केला. स्वतःचं नाही सांगतलं. इचारलं, हे एकाचं दुसऱ्याले लागते का. ती हसली. म्हणे, तीन वर्षं किसनरावचं केलं, लागलं का? कातडी जळते ती ज्याच्या त्याच्या पोटातल्या पाण्यानं. भोकच नाही तं पाणी कुठून येईल, पार्बताबाई?

मंग मैनाबाईचं ऑपरेशन कधी झालं ते इचारलं. ती रजिस्टर काढून बसली. या घरचं एकच नाव निघालं. शेषराव. मैनाबाईचा नवरा. बारा वर्षं झाली. तो तं तीन वर्षांआधी वारला. मैनाबाईचं नाव नाही, आधी नाही, नंतर नाही. सिस्टर म्हणे, पिशव्या नेणं थांबलं नाही, दर महिन्याले खुशालरावच येते, म्हणून मी समजली अकोल्यातच कुठे केलं असेल मायचं. यंदा त्यानं इचारलं, जिच्या हाताले किळस नाही अशी कोणी बाई आहे का. मी तुमचं नाव सांगतलं.

फोन ठेवला. लुगड्याची गाठ ओली लागली. पाणी सांडलं नव्हतं.

शनिवार, १५ नोव्हेंबर

मैनाबाई आज संडासात जाऊन बसून आली. आपल्या पायानं, आपल्या वाटेनं. साधनानं शिरा केला. लेक पास झाल्यावर करतात तसा.

चकती काढली तं तिच्या पोटावर हरभऱ्याएवढं राहिलं आहे.

मी तिले बहीण म्हणून इचारलं. लपवलं नाही तिनं. तोंडात शिऱ्याचा घास होता, गिळून बोलली. शेषरावचं ऑपरेशन खरं होतं. त्याचं पोट तीच धुवायची, रोज, उघड्या हातानं. महिनाभरात त्याचं बुजलं अन् हिच्या पोटाले उघडलं. डॉक्टरकडे कोणत्या तोंडानं जायचं, म्हणून घरातच ठेवलं. तो मंग नऊ वर्षं मटण खाऊन जगला अन् हिचं एकदाही धुतलं नाही. खोलीत आला तं नाकाले रुमाल.

म्हणे, दुसऱ्या कोणाचं असं जात नाही, या घरचंच असं निघालं, अन् तेही परक्यावर जात नाही. बायायले पगार देऊन पायला, काही झालं नाही. आपल्या माणसावरच जाते, अन् आपल्यातही ज्याच्या हाताले किळस नाही त्याच्यावर. खुशालले किळस, साधनाले किळस. लेकीनं तं येणंच सोडलं. मंग आपलं माणूस आणावं कुठून?

ताटातली ती पोळी मले आठवली.

मी म्हटलं, मैनाबाई, तुम्ही मले मारलं असतं तं बरं होतं. ती म्हणे, मेलेलीच्या पोटाले हात कोणाचा लागते? शेवटची आंघोळ तुले आपलंच माणूस घालीन ना, मंग त्याच्यावर जाईन ते. अन् माया हातावर हात ठेवला. बहिणीसारखाच ठेवला. तेच वाईट आहे.

रविवार, १६ नोव्हेंबर

उघडलं.

सकाळी तोंड धुताना. दुखलं नाही. किसनराव म्हणायचा तसंच, दुखत नाही. टमाटरासारखं लाल, ओलं. हललं. स्वतःच्या मनानं हलते ते. मले माहीत होतं हलते, तीन वर्षं पायलं मी. स्वतःच्या पोटावर पाहणं वेगळं.

माप पस्तीस.

साधनानं उरलेल्या पिशव्यायचा खोका माया खाटेखाली आणून ठेवला. म्हणे, मावशी, पाच-सहा महिने पुरतील. पाहा कशी विचारी आहे.

सोमवार, १७ नोव्हेंबर

मैनाबाईले म्हटलं, बहीण आहे ना मी, मंग आज तू धू मायं. तिनं पदर नाकाले लावला. बारा वर्षं जे स्वतःच्या पोटावर घेऊन फिरली त्याचीच किळस आली तिले. मी हसली. तिच्यासमोर हसून घेतलं.

स्वतःचं स्वतः करायले गेली. वाकून दिसत नाही. पोटाची वळी मधात येते. चकती वाकडी बसली, खालून पाणी झिरपलं. लोकायले सांगणं सोपं असते.

मंगळवार, १८ नोव्हेंबर

जाऊ कुठे? लेकाच्या घरी गेली तं सून हात लावणार नाही, देव तिचं भलं करो. पण ती हर्षाले बोलावीन. अमरावतीच्या दवाखान्यात गेली तं हर्षाचं होस्टेल मागच्या गल्लीत. खाटेपाशी येऊन बसीन पोट्टी. कोमट पाणी करीन. रक्ताची आहे, अन् हाताले किळस नाही. मीच मोडली तिची किळस. चौदाव्या वर्षी धरून बसवली होती आज्यापाशी, म्हटलं शीक, कामात येईन. एकोणीसची आहे. अजून आपल्या पगाराची साडी नाही घेतली तिनं.

इथंच राहीन. इथं कोणी माया अंगाले हात लावत नाही, तेच बरं. साधना ताट दारातून सरकवते. कप वेगळा झाला.

गुरुवार, २० नोव्हेंबर

आग. कातडी पूर्ण गेली. चकती टिकत नाही. लुगडं फाडून बांधते. पाणी कातडीले लागलं की डोळ्यापुढे पांढरं होते. ओरडत नाही, ओरडली तं कोणाची तरी दया येईन.

मोबाईल पाण्याच्या बादलीत टाकला. आता हर्षाचा फोन येणार नाही.

शुक्रवार, २१ नोव्हेंबर

साधनानं तिच्या मोबाईलवरून हर्षाले फोन लावला. मी तिचे पाय धरले, या वयात, पाय! ती मागे सरली अन् बोलतच राहिली. म्हणे, तुमच्या आजीची तब्येत बरी नाही, आमचं काय, आम्ही परके. आपल्या माणसानंच केलं पाहिजे ना.

हर्षा उद्या येते.

शनिवार, २२ नोव्हेंबर

आली. मी कडी लावून घेतली. खुशालरावनं कडी उचकटली.

जे तोंडाले आलं ते बोलली. तू मायी कोणी नाही. तुया मायनं तुले कुठून आणलं देवाले माहीत. तुया आज्यालेही तू आवडत नव्हती. हे शेवटचं बोलली तेव्हा तिचं तोंड पडलं. आज्या तिच्यासाठी जीव टाकायचा. मले वाटलं, झालं, जाईन आता. ती बाहेर गेली अन् पाणी गरम करून आली.

खरं काय ते सांगतलं. सारं सांगतलं. शेषराव, मैनाबाई, पोळी. तिनं माया कपाळाले हात लावून ताप पायला. म्हणे, आजी, तू ऑपरेशन करून घेतलं अन् आम्हाले सांगतलं नाही ना? टाके शोधत होती माया पोटावर. म्हणे, दुर्बिणीनं केलं असेल.

पण हातमोजे घातले आहेत तिनं. शाळेत तसं शिकवतात. देवा, त्या शाळेचं भलं कर.

रविवार, २३ नोव्हेंबर

मुद्दाम पिशवी उलटी केली. अंथरुणावर, भिंतीले, माया तोंडाले, केसाले. म्हटलं पाहू दे, येऊ दे ओकारी. ओक बाई, एकदा ओक. नाक मुरड. पदर लाव. थुंक मायावर.

तिनं खिडकी उघडली. चादर काढली. केस धुऊन दिले. कधी नव्हे ते कोणी माया केसाले हात —

मोज्याच्या हातानं चकती बसेना. तीनदा सुटली. ती म्हणे, आजी, काहीच कळत नाही मोज्यातून, ओल कुठे आहे ते. काढते. मी तिचे हात धरून ठेवले. दोन्ही. पण किती वेळ धरणार — सत्तरीची मी —

काढले तिनं.

सोमवार, २४ नोव्हेंबर

सकाळ. चहाच्या आधी. वही छातीवर धरली आहे, हर्षा म्हणते, लिहू दे आजीले, मन रमते. पाणी मनगटावर पाहून घेतलं तिनं. फडका मऊ. टिपते, घासत नाही. गाणं म्हणून राहिली —

थांब म्हणायचं. ओरडायचं ठरवलं होतं. दात लावून घेईन हाताले तिच्या, असं ठरवलं होतं —

आग गेली.

गेली व माय. पाच दिवसांनी. गारवा पसरून राहिला पोटावर — तोंड उघडलं अन् थांब नाही निघालं, सुस्कारा निघाला — तिनं ऐकला, खुश झाली — म्हणे, आजी, बरं वाटते ना —

कार्ड लावलं. म्हणे पस्तीस होतं ना आजी, आता तीस कसं —

सांग पार्बता. ढकल तिले. आता ढकल. हात उचलत नाही, झोप येऊन राहिली, किती बरं — अजून थोडं, एवढं पुसून होऊ दे, मंग सांगते, एवढंच — हर्षा, तू कमर काहून खाजवून राहि